चौदा फुटांचा प्रवास

आमच्या मुलुंडच्या घरात गाणी आतल्या खोलीत राहतात आणि ऐकणारी माणसं हॉलमध्ये. मध्ये एक भिंत, भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाट, आणि टेप लावून मोजलं तर चौदा फूट अंतर. आतल्या खोलीत जुना डेस्कटॉप आहे. त्यात चारशेच्या आसपास सीड्या उतरवून ठेवल्या आहेत, शिवाय काही डझन कॅसेटी. हॉलमध्ये अॅम्प्लिफायर आणि दोन लाकडी स्पीकर, एका संसाराएवढे जुने. हे चौदा फूट ओलांडून देणारी डबी कशी असावी, यावर जगातल्या भल्याभल्या कंपन्यांनी गेली वीस-पंचवीस वर्षं डोकं लढवलंय. मीही त्यातली चार-पाच वर्षं घालवली.

भाच्याला हे सगळं खुळ्यासारखं वाटतं. "मामा, फोनवर सगळं मिळतं की. कशाला एवढा उपद्व्याप?"

मुंबईत राहणाऱ्याला याचं उत्तर पाण्यावरून द्यावं. महापालिकेचं पाणी चांगलं असतं, पण ते त्यांच्या वेळेला येतं. म्हणून प्रत्येक सोसायटीच्या गच्चीवर टाकी असते. फोनवरची गाणी म्हणजे पालिकेची पाइपलाइन. २०१४ साली आलेलं विंक अॅप २०२४ मध्ये गुंडाळलं गेलं. गूगल प्ले म्युझिक २०२० मध्ये बंद झालं, तेव्हा लोकांनी हौसेने लावलेल्या याद्या दुसरीकडे हलवाव्या लागल्या. घरातला संगणक म्हणजे गच्चीवरची टाकी. आणि काही पाणी तर पाइपलाइनमध्ये कधी नव्हतंच: गल्लीतल्या गणेशोत्सवात कुणीतरी टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन उतरवलेली मैफल, साठ मिनिटांच्या कॅसेटवर आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या, मध्येच "बंद कर रे ते" असा तिचा आवाज. ते कुठल्या अॅपवर शोधणार?

तर टाकी आहे. प्रश्न नळाचा आहे.

टाकी केवढी लागते, ते आधी सांगून टाकतो, कारण लोक इथे उगाच घाबरतात. सीडी १९८२ साली बाजारात आली तेव्हा ठरलेलं माप आजही तेच आहे. आवाजाची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायची, प्रत्येक माप १६ बिटांचं, डावा-उजवा असे दोन कान. गुणाकार करा: सेकंदाला १४,११,२०० बिट. तासभराची सीडी साधारण ६३५ एमबी होते. फ्लॅक नावाचा प्रकार २००१ पासून आहे, फुकट आहे आणि त्यात एकही बिट न गमावता हा आकार निम्म्या-साठ टक्क्यांवर येतो. चारशे सीड्या दीडशे जीबीत बसतात. आजकाल एवढी जागा नखाएवढ्या कार्डावर मिळते. ज्या सीड्यांसाठी काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये शनिवार दुपार जायची, ते दुकान फेब्रुवारी २०१६ मध्ये बंद झालं. त्या सीड्या आता दिसायलाही नाहीत, माळ्यावर खोक्यात आहेत.

एमपी३ वाईट नाही. पण त्याची एक खोड आपल्या संगीताला जास्त जाचते. एमपी३ गाणं ११५२ मापांच्या तुकड्यांत बांधतो, म्हणजे एक तुकडा सुमारे २६ मिलिसेकंदांचा. गाणं बरोबर तुकड्याच्या काठावर संपलं नाही तर उरलेली जागा शांततेने भरली जाते, आणि सुरुवातीलाही थोडी पोकळी राहते. सिनेमाच्या गाण्यांत हे कळतही नाही. पण ख्यालाच्या सीडीवर विलंबित एका ट्रॅकमध्ये आणि द्रुत पुढच्या ट्रॅकमध्ये असतं. गायक थांबलेला नसतो, तंबोरा तर नसतोच नसतो. तिथे क्षणभर आवाज तुटला की पायरी चुकल्यासारखं होतं. म्हणून डबी घेताना पहिला प्रश्न मी हा विचारतो: एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर जाताना खंड पडतो का? दुकानदाराला उत्तर माहीत नसतं. पेन ड्राइव्हवर असे दोन ट्रॅक घेऊन जावं आणि तिथेच वाजवून पाहावं.

याउलट २४ बिट, १९२ किलोहर्ट्‌झ वगैरे आकड्यांना उपनगरात राहणाऱ्याने फार भुलू नये. १६ बिटांत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात ९६ डेसिबलचं अंतर मावतं. आपल्या कायद्याने निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. ती पाळली जाते असं घटकाभर समजू. त्या गोंगाटाच्या वर पूर्ण ९६ डेसिबल ऐकायचे तर आवाज दीडशेवर न्यावा लागेल. तिथे कान जातील, आणि त्याआधी सोसायटीचे सेक्रेटरी येतील. खिडकीखालून रिक्षा जात असताना सोळाच्या जागी चोवीस बिट आहेत की नाहीत हे ओळखणारा मला अजून भेटायचाय.

आता नळ. सगळ्यांच्या मनात पहिल्यांदा येणारा उपाय म्हणजे लांब वायर. मीही ती ओढली: संगणकाच्या हेडफोनच्या भोकातून थेट अॅम्प्लिफायरपर्यंत. गाणं आलं, पण गाण्याखाली अखंड घूं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची. संगणकाचं अर्थिंग एका प्लगमधून, अॅम्प्लिफायरचं दुसऱ्यातून, आणि दोघांना जोडणारी वायर मिळून एक वेटोळं तयार होतं. त्यातून विजेचाच सूर स्पीकरमध्ये उतरतो. पन्नास हर्ट्‌झ म्हणजे पांढरी पाचच्या जवळपास, अगदी खालच्या सप्तकात. तंबोऱ्यासारखाच अखंड, फक्त कुठल्याही गायकाशी न जुळणारा. ऑप्टिकल वायर लावली की हा आवाज नाहीसा होतो, कारण तिच्यातून वीज जातच नाही, नुसता प्रकाश जातो. पण मग अॅम्प्लिफायरच्या बाजूला आकड्यांचा पुन्हा आवाज करणारा डॅक हवा. इथेच खरी गोम कळते. संगणकात आकडे आहेत, स्पीकरला हेलकावणारा विद्युतप्रवाह हवा; हे भाषांतर कुठे करायचं, एवढाच प्रश्न असतो. ते हॉलमध्ये, अॅम्प्लिफायरच्या शेजारी करावं. चौदा फूट आकड्यांनी चालावं, कारण आकड्यांना घूं लागत नाही.

दुसरा उपाय ब्लूटूथ. स्वस्त, आणि जोडायला सोपा. पण साधं ब्लूटूथ गाण्याला पुन्हा एकदा दाबून बारीक करतं. त्याची नेहमीची पद्धत सेकंदाला जेमतेम सव्वातीन लाख बिट नेते, सीडीचे चौदा लाख आठवा. ते एक वेळ चालेल. पण फोनवरून ब्लूटूथने वाजवत असाल तर फोनमधलं सगळंच स्पीकरवर येतं. आमच्याकडे एका रविवारी भैरवी ऐन रंगात असताना स्पीकरमधून टिंग वाजलं, पाठोपाठ सोसायटीच्या ग्रुपवरचे पाण्याच्या टँकरचे सात मेसेज, प्रत्येकाचं एक टिंग. त्यानंतर ब्लूटूथ आमच्याकडून हद्दपार झालं.

म्हणजे राहिलं वाय-फाय. आणि इथे कंपन्यांच्या दोन घराण्यांत फरक आहे. तो समजला की अर्धी निवड आपोआप होते.

एका घराण्यात गाणं ढकललं जातं. अॅपलने २००४ मध्ये एअरपोर्ट एक्स्प्रेस नावाचा प्लगएवढा ठोकळा काढला, त्याला स्पीकर लावायचं भोक होतं. त्याचंच पुढे एअरप्ले झालं. संगणक किंवा फोन गाणं पाठवत राहतो आणि पलीकडची डबी वाजवत राहते. पाठवणारा झोपला की गाणं थांबलं. दुसऱ्या घराण्यात डबी स्वतः गाणं ओढून घेते. फोन फक्त रिमोट. "अमुक गाणं लाव" एवढं सांगून तो बाजूला होतो, मग त्यावर फोन येवोत की मेसेज. डीएलएनए याच घराण्यातलं. त्यात एक वाढणारा, एक जेवणारा आणि एक ऑर्डर देणारा, अशी तीन कामं वेगळी असतात आणि ती वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रंही करू शकतात. गूगलचा क्रोमकास्टही ओढणाराच. २०१५ मध्ये आलेला क्रोमकास्ट ऑडिओ तर तळहाताएवढी गोल चकती होती, त्यात डॅक आणि ऑप्टिकल दोन्ही, किंमत किरकोळ. जानेवारी २०१९ मध्ये तो काढणं बंद झालं, तेव्हा जाणकार हळहळले.

पण क्रोमकास्ट गाणं लावण्याआधी गूगलच्या दारात हजेरी लावून येतो. ९ मार्च २०२५ ला जगभरचे दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट आणि क्रोमकास्ट ऑडिओ एकाएकी मुके झाले. आत बसवलेल्या एका ओळखपत्राची मुदत संपली होती. गूगलने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली, तोवर ठणठणीत यंत्रं नुसती पडून होती. गाणं आपल्या खोलीत, स्पीकर आपल्या हॉलमध्ये, आणि मधल्या चौदा फुटांची परवानगी मात्र सातासमुद्रापलीकडून यायची. पावसाळ्यात आमच्याकडे इंटरनेट दोन-दोन दिवस जातं. नेट गेलं म्हणून माझ्याच घरातली माझीच सीडी वाजू नये, हे मला पटत नाही. माझी निवडीची कसोटी त्या दिवसापासून एकच आहे: राउटरमधून बाहेरची वायर काढून ठेवायची आणि गाणं लावायचं. वाजलं तर डबी आपली.

या कसोटीला सर्वांत चांगली उतरलेली गोष्ट पाव शतकापूर्वीची आहे. २००१ मध्ये स्लिम डिव्हाइसेस नावाच्या छोट्या अमेरिकन कंपनीने घरच्या संगणकावरची गाणी ओढणारी डबी काढली. पुढे तिचं नाव स्क्वीझबॉक्स. २००६ मध्ये लॉजिटेकने कंपनी विकत घेतली, २०१२ मध्ये डब्या काढणं थांबवलं आणि २०२४ मध्ये त्यांची संकेतस्थळावरची सेवाही बंद केली. एवढं झाल्यावर वस्तू भंगारात जायला हवी होती. पण संगणकावर चालणारं तिचं सॉफ्टवेअर पहिल्यापासून खुलं होतं, कुणीही हात घालावा असं. वापरणाऱ्यांनी ते चालू ठेवलं आणि आता ते लिरियन या नावाने नांदतंय. वीस वर्षांपूर्वीची डबी आजही त्यावर गाते. नवी डबीही गाते, जुना फोनही गातो.

त्यामुळे खरेदीला निघण्याआधी घरातच शोधावं. बऱ्याच स्मार्ट टीव्हींना आणि एव्ही रिसीव्हरना डीएलएनए समजतं, फक्त मेनूत खोल कुठेतरी दडलेलं असतं. ड्रॉवरमध्ये पडलेला, हेडफोनचं भोक असलेला जुना अँड्रॉइड फोनही उत्तम डबी होतो. कायम चार्जिंगला ठेवल्याने बॅटरी फुगत नाही ना, तेवढं अधूनमधून बघावं. तयार वस्तू हवी असेल तर वीमसारख्या डब्या डीएलएनएही जाणतात आणि लिरियनशीही बोलतात. ब्लूसाउंड वगैरे त्याहून महाग. पैसे जास्त झाले असतील तर जरूर घ्यावं.

मी रास्पबेरी पाय घेतला. ग्रँट रोड स्टेशनबाहेरच्या लॅमिंग्टन रोडवरून, ज्याला डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणतात हे फक्त पाट्यांना माहीत असतं. पत्त्यांच्या कॅटएवढा हा संगणक पहिल्यांदा २९ फेब्रुवारी २०१२ ला विक्रीला आला. त्याचा स्वतःचा आवाज सुमार, म्हणून वर डॅकची पट्टी बसवायची. दुकानातला पोरगा म्हणाला, "साहेब, कार्ड चांगलं घ्या. लाइट गेली की कार्डच उडतं." खरं होतं. चालू असताना वीज गेली तर मेमरी कार्डावरचं लिखाण अर्धवट राहून बिघडतं. यावर पिकोअरप्लेअर नावाचं छोटं सॉफ्टवेअर उपयोगी पडतं. ते सुरू होताना स्वतःला पूर्ण उचलून तात्पुरत्या स्मृतीत नेतं आणि कार्डाला नंतर हातही लावत नाही. सरळ मेन स्विच पाडा, काही होत नाही.

वाय-फायने मात्र घाम काढला. एका गाण्याला सेकंदाला दहा लाखांहून कमीच बिट लागतात, राउटर त्याच्या पन्नासपट नेतो, तरी गाणं मध्येच गचके खायचं. फोनवर पाहिलं तर आमच्या हॉलमधून शेजाऱ्यापाजाऱ्यांची तेवीस वाय-फाय दिसत होती. जुन्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांच्या पायात न येणारी चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. तेवीस घरं आणि तीन रुळ, म्हणजे संध्याकाळी सहाचं दादर. मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात चालतो. ५ गिगाहर्ट्‌झवर गर्दी कमी, पण त्या लहरी आखूड, भिंतीतल्या सळ्यांना आणि त्या लोखंडी कपाटाला लवकर दमतात. शेवटी इलेक्ट्रिशियनला बोलावलं आणि छताकडेने केसिंग-पट्टीतून नेटवर्कची वायर टाकली. या वायरला शंभर मीटरपर्यंत मुभा असते, आपल्याला पंचवीस फूट पुरली. बिनतारी यंत्रांवर एवढं वाचून झाल्यावर तार टाकण्यात थोडी नामुष्की होती, ती गिळली.

गाणं सुरळीत वाहायला लागल्यावर नावांचा घोळ पुढे आला. या घोळावर कुठलाच विक्रेता बोलत नाही.

एमपी३च्या शेपटीला गाण्याची माहिती लिहायची जुनी पद्धत १९९६ची. एकूण जागा १२८ बाइट. त्यात गायकाच्या नावाला ३०. रोमन अक्षर एका बाइटात बसतं. देवनागरीचं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा आजच्या युनिकोड पद्धतीने तीन-तीन बाइट खाते. आता 'भीमसेन जोशी' मोजा: पहिल्या शब्दाचे अठरा, मोकळ्या जागेचा एक, दुसऱ्याचे बारा. एकतीस. एका बाइटने नाव उतू जातं आणि शेवटची वेलांटी कापली जाते. माझ्या यादीत कित्येक महिने 'भीमसेन जोश' असा गायक होता. जोश होता हे खरंच, पण तरी.

फ्लॅकमध्ये ही अडचण नाही. लांबीला बंधन नाही आणि हवा तो रकाना स्वतः तयार करता येतो. रकान्याचं नाव तेवढं रोमन लिपीत लागतं. ही सोय आपल्यासाठी फार मोलाची आहे, कारण ही यंत्रं कलाकार, अल्बम आणि गाणं या तीन खणांच्या पलीकडे विचार करत नाहीत. नाट्यपद त्या खणांत कसं घालणार? 'मानापमान' रंगभूमीवर आलं १९११ मध्ये, शब्द खाडिलकरांचे, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, आणि तीच पदं पुढे किती गळ्यांतून आली. राग कुठे लिहायचा, नाटक कुठे, मूळ गायक कुठे? मी राग आणि नाटक यांचे वेगळे रकाने केले. त्यात एक अख्खा पावसाळा गेला. आता 'बागेश्री' म्हटलं की घरातले सगळे बागेश्री एका खाली एक येतात, कुणाचा तीन मिनिटांचा, कुणाचा पन्नास. आणि हो, डबीला पडदा असेल तर त्यावर मराठी नाव उमटवून पाहा. काहींवर नुसते चौकोन येतात, काहींवर 'माणिक' लिहिलं तर पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते.

वीज हा शेवटचा हिशेब. जुना डेस्कटॉप ८० वॅट घेतो असं धरलं आणि दिवसरात्र चालू ठेवला, तर महिन्याला ५८ युनिट होतात. मुलुंडला बिल महावितरणचं, अंधेरी-बोरिवलीला बहुतेक अदानीचं, पण युनिट दोन्हीकडे युनिटच. तीन वॅटचा पाय महिन्याला दोन-सव्वादोन युनिट खातो. म्हणून दुसऱ्या वर्षी गाण्यांची डिस्क थेट पायलाच लावली आणि लिरियनही त्यावरच बसवलं. आतल्या खोलीतला संगणक आता फक्त नवीन कॅसेट उतरवायची असली की चालू होतो. ज्या चौदा फुटांसाठी एवढं सगळं केलं, ते उरलेच नाहीत.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तिची यंत्राची कल्पना विविध भारतीवर घडलेली आहे: एक बटण फिरवलं की गाणं यायला हवं. फोनवरचं अॅप तिने दोन दिवस वापरलं आणि "मला नाही हे सुचत" म्हणून ठेवून दिलं. मग भाच्यानेच पायला तीन दाबायची बटणं जोडून दिली. पांढरं दाबलं की अभंग, लाल दाबलं की नाट्यगीतं, काळं दाबलं की बंद. सकाळी सहाला पांढरं वाजतं. बटणं कुणी जोडली असं विचारलं तर भाचा म्हणतो, "मामाचा उपद्व्याप."

डिस्कची दुसरी प्रत ताईकडे बोरिवलीला ठेवली आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कलिन्याच्या तळमजल्यावरच्या आमच्या नातेवाइकांच्या सगळ्या कॅसेटी चिखलात गेल्या. त्यात आजीच्या ओव्यांची मूळ कॅसेटही होती. माझ्याकडे नक्कल होती म्हणून ओव्या राहिल्या. तेव्हापासून एक प्रत दुसऱ्या घरी. दर दिवाळीला मी नवी डिस्क घेऊन दादरला गाडी बदलत बोरिवलीला जातो आणि जुनी परत आणतो. ताई ती कपाटात साड्यांच्या घडीत ठेवते. गेल्या दिवाळीला डिस्क हातात देताना म्हणाली, "थांब, आत्ताच नको नेऊस. टीव्हीला लावली होती मी. आजीचं अजून ऐकून झालं नाही."